पिकअपचा हौदा आणि देवास नाक्यावरचं गॅरेज

शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली, पण रानात मुक्कामी जाणाऱ्या पिकअपला फिटिंग अजून शिकारी गाडीचंच लागतं. इंदूरच्या देवास नाक्याजवळच्या या गॅरेजचं सुतारकाम चोख आहे. ड्रॉवर १२ मिमी वॉटरप्रूफ प्लायचे, स्लाइड लॉकवाल्या. १८ मिमीचा आग्रह धरू नका. वजन फुकट वाढतं. हौद्याला भोक पाडलं की प्रायमर आणि सीलंट मात्र समोर उभं राहून लावून घ्या, नाहीतर गंज ठरलेलाच.

वायरिंग कच्चं. फ्रीज-दिव्यांसाठी हौद्यात बसवलेल्या दुसऱ्या बॅटरीला ६ चौरस मिमीची तार ओढतात. इंजिनपासून हौद्यापर्यंत जाता-येता दहाएक मीटर होतात, २५ अँपिअरला पाऊण व्होल्ट तारेतच जातो आणि बॅटरी नीट भरत नाही. १६ची तार मागा. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ हवा. एकाच टोकाला असला तर दुसऱ्या टोकाच्या बॅटरीच्या करंटने तार पेटू शकते. ४० लिटरचा फ्रीज कॉम्प्रेसर चालू असताना ४ अँपिअरच्या आसपास खेचतो. १०० एएच (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरीमधलं निम्मंच वापरायचं, म्हणजे कॉम्प्रेसर थांबत-चालत जेमतेम एक दिवस. लिथियम बॅटरीला साधा रिले (दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा स्विच) नको, व्होल्टेज जुळवून भरणारा डीसी-डीसी चार्जर घ्या.

टपावरच्या तंबूआधी रॅकची चालत्या गाडीतली वजनमर्यादा वाचा. ती इथे कुणी सांगत नाही.