सिलेक्शन वन लॉन : नाशिकच्या काळ्या जमिनीत 11 महिने

गेल्या जूनअखेरीस लावलेल्या सिलेक्शन वन या लॉनच्या गवताने आता पूर्ण उन्हाळा काढलाय. जागा गंगापूर रोडकडची, भारी काळी जमीन, 1000 चौरस फूट, दिवसभर ऊन. शेजारच्या पट्ट्यात मेक्सिकन, म्हणजे झॉयशिया हे दुसरं लॉनचं गवत. उघड्या जागेवर सिलेक्शन वनच लावा, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तिला पाणी कसं देता यावर सगळं अवलंबून आहे.

ही हरळीच्याच कुळातली. जमिनीवर धावणाऱ्या वेली असतात, तशाच मातीखाली कांड्याही. पाणी तुटलं की पाती वाळतात, पण खालच्या कांड्या जिवंत राहतात. एप्रिलमध्ये एका कोपऱ्याचं पाणी मुद्दाम तीन आठवडे तोडलं. नवव्या दिवशी हिरवा रंग निळसर राखाडी झाला, पावलाचा ठसा उमटला की तसाच राहू लागला. शेवटी सगळा पेंढा. पाणी सुरू केल्यावर दहाएक दिवसांत पेरापेरांतून कोंब फुटले. तसंच पाणी तोडलेला मेक्सिकनचा तेवढाच तुकडा अजून ठिगळासारखा दिसतो.

पाण्याचं गणित सोपं आहे: 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. कडक उन्हाळ्यात या लॉनला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर लागतं. रोज संध्याकाळी 450 लिटर शिंपडा किंवा आठवड्यातून दोनदा, दर वेळी 1650 लिटर द्या, टाकीतून पाणी जवळपास सारखंच जातं. पण रोजच्या शिंपणाने मुळं वरच्या दोन बोटांतच फिरतात आणि एक दिवस खाडा झाला की लॉन मान टाकते. दोनदा दिलेलं पाणी खोल उतरतं, मुळं त्याच्या मागे जातात. स्प्रिंकलरखाली सरळ कडांचे चार डबे ठेवा. सरासरी 18 मिलिमीटर भरलं की थांबा. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून निम्मं देऊन अर्धा तास थांबा, मग उरलेलं. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू ड्रायव्हर वीतभर सहज गेला तर पाणी पोचलं. पुढचं पाणी वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी अशी स्थिती) पाहून, कॅलेंडर पाहून नाही.

सगळ्यात जास्त नुकसान लावणीतच होतं. नर्सरीतून येणाऱ्या गाद्यांना, म्हणजे तयार लॉनच्या तुकड्यांना, खाली लाल माती चिकटलेली असते. ती तशीच काळ्या जमिनीवर अंथरली तर मुळं लाल थरातच अडकतात, मार्चमध्ये गादी आकसते आणि सांधे उघडे पडतात. इथल्या एका पट्ट्यात नेमकं हेच झालं, आणि विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. गादीच घ्यायची तर माती झटकून, धुऊन घ्या. त्याहून बरं म्हणजे ठोंब वेगळे करून 10 सेंटिमीटरवर टोचून लावा. जमीन आधी वीतभर खोदून पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कच्च्या खतातून लव्हाळा येतो आणि तो मग वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. लावणी जून-जुलैतच करा. फेब्रुवारीत लावलेल्या लॉनला मुळं खोल न्यायला वेळच मिळत नाही.

मार्चपासून मोवर 4 सेंटिमीटरवर चढवा आणि एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. युरिया मार्चच्या मध्यापासून बंद, नाहीतर पाला वाढतो आणि पाण्याची भूकही. त्याऐवजी 0:0:50 (पोटॅशचं खत), 1 किलो 1000 चौरस फुटांना, लगेच पाणी देऊन. द्राक्षवाल्या घरात हे पोतं बहुधा पडलेलंच असतं.

डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली गेला की ही लॉन तपकिरी पडते. ती तहान नव्हे, थंडी आहे. तेव्हा पाणी वाढवलं तर बुरशी लागते.

आंब्याखाली, किंवा पाच-सहा तासही थेट ऊन नाही अशा भिंतीलगत सिलेक्शन वन विरळ होत जाते, तिथे पाणी वाढवून काही होत नाही. तेवढ्या पट्ट्यात मेक्सिकन ठेवा, आणि तिचा स्प्रिंकलरचा कॉक वेगळा बसवून घ्या.