सोळा सेकंद की पाच?

मराठी आणि गुजराती शब्द वाचताना मेंदूच्या कामात काही फरक दिसतो का, असा आमचा एफएमआरआयचा, म्हणजे चालू मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनचा, प्रयोग. बडोद्यातल्या मराठी घरांत दोन्ही भाषा सहज चालतात, त्यामुळे माणसं भराभर मिळाली. घोडं अडलं ते दोन शब्दांमध्ये किती वेळ सोडायचा यावर.

आधी मी संथ पद्धत धरली, दर 16 सेकंदांनी एक शब्द. बोल्ड संकेत, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलामुळे स्कॅनमध्ये दिसणारा चढउतार, 5-6 सेकंदांनी शिखर गाठतो आणि उतरायला बराच वेळ घेतो. अंतर ठरावीकच ठेवायचं तर 12-14 सेकंद बरे, हे बांदेत्तिनी आणि कॉक्स या संशोधकांनी 2000 साली दाखवलंच होतं. मी ते त्याहून थोडं सैल ठेवलं. प्रत्येक शब्दाचा आलेख सुटा दिसतो, याचं सुख वेगळंच.

पण स्कॅनर आम्हाला मिळायचा रात्री, पेशंट संपल्यावर. दांडिया बाजारातले एक काका बाहेर येऊन म्हणाले, "अरे, मी पंधरापर्यंत मोजायचो, की आलाच तुझा शब्द!" म्हणजे मी शब्द मोजत होतो की काकांचे आकडे? दुसरा एक मुलगा तर चक्क झोपला; बटण दाबल्याच्या नोंदी मध्येच बंद. अंतर 14 ते 18 करून पाहिलं. मोजणं थांबलं, डुलक्या थांबल्या नाहीत.

मग जलद, अनियमित अंतरांकडे वळलो: 3 ते 11 सेकंद, बहुतेक छोटी, सरासरी जेमतेम 5. आठ मिनिटांत 30 ऐवजी 96 शब्द बसले. संकेत एकमेकांवर चढतात खरे, पण अंतरं विषम असली की गणितात सुटे करता येतात. इथे भिस्त मॉडेलवर, हे मान्य. अंतर दोन सेकंदांच्या खाली नेलं की संकेतांची साधी बेरीज नीट जुळत नाही, म्हणून तितकी घाई मी केली नाही. शब्दांचा आणि अंतरांचा क्रम ऑप्टसेक या संगणक प्रोग्रॅमने काढला. अंतरं टीआरच्या (मेंदूचं एक पूर्ण चित्र घ्यायला लागणाऱ्या वेळेच्या) पटीतच ठेवण्याची चूक पहिल्यांदा केली. अर्ध्या टीआरने सरकवल्यावर आलेखावर जास्त बिंदू मिळाले.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. सहभागींना मोठ्याने बोलायचं असेल, तर डोक्याची हालचाल संकेत चढण्याआधीच उरकते, म्हणून संथ पद्धत सोयीची. तसा प्रयोग हाती आला तर मीही तीच घेईन. काकांना मात्र बोलावणार नाही.