बॉशचे ड्युराटर्म हीटर प्लग: थंडीत अडणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी

निफाडला पारा दहाच्या खाली उतरला की जुनी इंडिका, जुनी सुमो पहाटे सेल्फ मारमारून बॅटरी बसवतात. या इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या प्री-चेंबर नावाच्या छोट्या कप्प्यात पडतं. त्याच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतात, मग डिझेल पेटणार कसं? थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेलं इंजिन शून्य अंशाच्या आसपासही बहुधा प्लगविना चालू होतं. प्री-चेंबरवाल्याला मात्र आपल्या साध्या हिवाळ्यातही हीटर प्लग, म्हणजे तो कप्पा विजेवर तापवणारी दांडी, लागतोच.

ड्युराटर्मचे पैसे वसूल होतात ते आतल्या दुसऱ्या कॉइलमुळे. नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि तिच्यात एकापुढे एक दोन कॉइल. टोकाची तापते, मागची जसजशी गरम होते तसतसा तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप उतरतो. त्यामुळे टोक साधारण ४ सेकंदांत ८५० अंशांवर जातं, तरी जळत नाही. गाडी सुरू झाल्यावरही ३ मिनिटांपर्यंत प्लग तापता ठेवता येतो. सकाळचा पांढरा धूर आणि खडखडाट यानेच कमी होतो. पण रिले (प्लगला वीज देणारा स्विच) जुना, सेल्फ सोडताच सप्लाय तोडणारा असेल तर हा फायदा मिळत नाही.

नवा सेट घेण्याआधी जुना तपासा. वरची जोडपट्टी काढून प्रत्येक प्लग वेगळा मोजा. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा केल्यावर चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. सर्किट तुटलेलं दिसलं तर प्लग गेला. एकच गेला असेल तर गाडी सुरू होते, पण गरम होईपर्यंत मिसिंग करते. चारही गार राहत असतील तर आधी रिले आणि फ्यूज बघा. टोक वितळलेलं निघालं तर दोष बहुतेक वेळा प्लगचा नसतो, डिझेल फवारणारी नोझल गळत असते किंवा फवारणीचं टायमिंग चुकलेलं असतं. ते सुधारल्याशिवाय नवा प्लगही तसाच जाणार.

नवा प्लग त्याच्या अंगावर लिहिलेला व्होल्टेज वाचूनच घ्या. ५ किंवा ७ व्होल्टचा प्लग थेट बॅटरीवर लावून पाहिला तर काही क्षणांत जळतो.

काढताना इंजिन गरम हवं, आट्यांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारावं. जोर केला तर प्लग तुटून हेडमध्ये राहतो आणि हेडच उतरवावं लागतं. भोकातला कार्बन रीमरने (भोक साफ करायच्या हत्याराने) काढा. १० मिमीच्या आट्यांना १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, वरचा नट जेमतेम २. आणि हीटर चालू असताना एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका, मॅनिफोल्डमध्येच स्फोट होऊ शकतो.