इंकस्केप, दहा महिन्यांनंतर : नव्या सोयी नाहीत, दुरुस्त्या

गेले दहा महिने माझं जवळपास सगळं व्हेक्टर काम, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची चित्रं काढण्याचं काम, इंकस्केप या मोफत प्रोग्राममध्ये चाललंय : आयकॉन, आकृत्या, अधूनमधून एखादा लोगो. नव्या सोयींबद्दल लिहिणारे बरेच असतात. एका फाइलमध्ये अनेक पानं (१.२ पासून) आणि एकमेकांवर आलेले आकार जोडायचं-कापायचं शेप बिल्डर (१.३ पासून) मीही रोज वापरते. पण इतक्या महिन्यांनी मला सगळ्यात जास्त कदर वाटते ती आवृत्तीच्या शेवटच्या आकड्याची, म्हणजे १.४.१ सारख्या फक्त दुरुस्त्यांच्या आवृत्त्यांची. १.४ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि मे २०२५ मध्ये १.४.१ आणि १.४.२ पाठोपाठ आल्या. अशा दुरुस्ती-आवृत्त्यांच्या घोषणेत दाखवण्यासारखं चित्र नसतं. अमुक केल्यावर क्रॅश व्हायचं ते थांबवलं, भाषांतरं सुधारली, अशी लांबलचक यादी असते. मी ती यादी ओळ न ओळ वाचते, कारण माझा दिवस त्यावर ठरतो.

दुरुस्ती म्हणजे किती नाजूक काम असतं, हे मला माझ्या जुन्या फाइलींनी शिकवलं. इंकस्केप पूर्वी एका इंचाला ९० पिक्सेल धरत असे. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये इंच ९६ पिक्सेलांचा, म्हणून जानेवारी २०१७ मधल्या ०.९२ पासून इथेही ९६ झाले. निर्णय बरोबरच होता. पण जुन्या फाइलीत ९०० पिक्सेलांची रेघ कागदावर १० इंच भरायची. तीच नव्या हिशेबाने ९.३७५ इंच. पडद्यावरच्या आयकॉनला याने काहीच होत नाही, कापायच्या नमुन्याचा मात्र सगळा तुकडा वाया. मी अशी फाइल उघडली तेव्हा प्रोग्रामने आधी विचारलं, हे पडद्यासाठी आहे की कागदासारख्या खऱ्या मापासाठी, आणि मूळ फाइलची प्रतही ठेवू का. तो प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. आपलं चुकलेलं माप सुधारताना दुसऱ्याचं जुनं काम मोडणार नाही, याचा कुणीतरी बसून विचार केला होता.

इंकस्केपने आपल्या नेहमीच्या स्वरूपात जतन केलेली एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची) फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. त्यात ‘सोडिपोडी’ हे नाव आजही सापडतं. इंकस्केप २००३ मध्ये ज्या प्रकल्पातून फुटून निघालं, त्याचं हे नाव. ते नुसतं पुसून टाकलं तर असंख्य जुन्या फाइलींमधल्या खुणा वाचता येणार नाहीत, म्हणून ते सांभाळलं जातं.

मला अडचण आली ती बाहेरून घेतलेल्या एका एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या पुरवणीमुळे. ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीसाठी, पायथन २ साठी लिहिलेलं होतं. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि इंकस्केपने त्याच वर्षी १.० मध्ये आपली एक्स्टेन्शन्स पायथन ३ वर नेली. बाहेरच्या त्या एक्स्टेन्शनकडे मात्र पुढे कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही एक्स्टेन्शन घेण्याआधी त्याचा शेवटचा बदल कधीचा, हे मी पाहते.

एक फाइल फार जड झाली तेव्हा दोष माझ्या सवयीचा निघाला. रंग बदलत राहिल्याने न वापरलेले ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या छटा) आत साठले होते. फाइल मेनूतल्या दस्तऐवज साफ करण्याच्या आज्ञेने ते गेले. चित्र धूसर करणाऱ्या मोठ्या ब्लर फिल्टरांनी होणारा संथपणा मात्र त्याने जात नाही. काम करताना असे ब्लर असलेले लेयर (चित्राचे थर) मी लपवून ठेवते. छपाईसाठी पक्कं सीएमवायके (छापखान्याच्या चार शाईंचे रंग) हवं असेल तर १.४ एकट्यावर विसंबू नका.

अपडेट घेण्याची माझी रीत आता ठरली आहे. मजकूर, मास्क आणि क्लिप (चित्राचा भाग झाकायच्या युक्त्या) आणि पॅटर्न असलेल्या सहा फाइली वेगळ्या ठेवल्यात. नव्या आवृत्तीतून त्यांचे पीएनजी काढते आणि जुन्यांवर ठेवून पाहते. प्रकल्पाच्या कोडमध्येही अशाच चाचण्या आहेत : एसव्हीजी रेखाटून ठरलेल्या चित्राशी ताडायचं.

पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी सगळा इंटरफेस जीटीके ४ वर (खिडक्या-बटणं बनवणाऱ्या जीटीके या साधनसंचाच्या नव्या आवृत्तीवर) नेण्याचं काम चाललं आहे. २०२० मध्ये जीटीके ३ वर जाण्याइतकंच ते मोठं आहे. ती आली की मी शेजारी बसवून वापरून बघेन, सापडलेले बग छोट्यात छोट्या फाइलसह कळवेन. रोजचं काम मात्र तिच्यामागे पहिली दुरुस्ती-आवृत्ती येईपर्यंत १.४.२ वरच.