स्विफ्टच्या पायात इनोव्हाचे उतरवलेले टायर

टायरच्या बाजूला जे आकडे कोरलेले असतात ते न वाचणारं गिऱ्हाईक टायरवाल्याला फार आवडतं. आमच्या आर्वीकडे गाड्या वाढल्या, जवळून समृद्धी गेला, तशी "मॅग टाकून द्या" म्हणणारी, म्हणजे लोखंडी रिम काढून मिश्रधातूची अलॉय रिम मागणारी पोरंही वाढली. त्यासोबत मोठ्या गाड्यांचे उतरवलेले टायर छोट्या गाड्यांच्या गळ्यात मारायचा धंदाही वाढलाय. माझ्या स्विफ्टला हेच झालं. तपशिलात लिहितो, कारण दुकानदार जे जे बोलला ते ऐकताना पटण्यासारखंच होतं.

गाडी जुन्या पिढीची, मधलं मॉडेल. कंपनीचे टायर १६५/८० आर १४. कापूस विकला होता, हातात पैसा होता आणि पुतण्या मागे लागला होता, "काका, मागून गाडी चिमणीच्या पायावानी दिसते." अमरावतीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मागणी साधी होती. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर १५ द्यायची, तोच साइज अलॉयसकट हवा होता.

मालक म्हणाला, "तो साइज संपला भाऊ. अन् काऊन घेता तो? तुमच्याकडचे रस्ते मले माहीत आहेत. २०५ टाका. गाडी उचलून येते, पांदणीत खालून लागत नाही. सगळे हेच टाकून राहिले."

सौदा ३८ हजारांत ठरला. २०५/६५ आर १५, "एकदम नवे, वर्षाची वॉरंटी", हे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं. पक्क्या बिलाचं काढलं तर म्हणे, "२८ टक्के जीएसटी लागते, कायले देता?" (तेव्हा टायरवर २८ टक्केच होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, तरी ही सबब अजून चालते.) चिठ्ठीवर "टायर ४, मॅग ४" एवढंच. साइज नाही, कंपनी नाही. माझे जुने टायर, नक्षी भरपूर शिल्लक असलेले, रिमसकट ५ हजारांत त्याने ठेवून घेतले.

गाडी उचलून येते हे काही खोटं नव्हतं. हिशेब घालून पाहा. १६५/८० म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद आणि त्याची उभी भिंत रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२. भिंत वर एक, खाली एक, झाले २६४. मधली १४ इंची रिम ३५५.६. पूर्ण चाकाची उंची ६१९.६ मिलिमीटर. आता १८५/६५ आर १५ काढा, येतात ६२१.५. दोन मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणून कंपनी एकाच गाडीला दोन्ही देऊ शकली. २०५/६५ आर १५ मात्र ६४७.५ भरतो. चाक २८ मिलिमीटरने उंच, म्हणून गाडी १४ मिलिमीटर वर. दुकानदाराने फक्त हा १४ चा आकडा विकला. बाकीचे आकडे माझ्या वाट्याला आले.

चाक साडेचार टक्के मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. मीटर ८० दाखवतं तेव्हा गाडी त्याच्या हिशेबापेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने पळत असते. धावलेलं अंतरही कमी नोंदवलं जातं, त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्याहूनही वाईट दिसतं. आणि चढावर गाडी दम टाकते, कारण इंजिन तेच आणि फिरवायचं चाक मोठं नि जड. तळेगावकडच्या घाटात जिथे तिसऱ्यावर निघायची तिथे दुसरा टाकावा लागायला लागला.

त्याहून त्रासाचं म्हणजे घासणं. रिकामी गाडी सरळ जाताना काहीच नाही. घरची सगळी मंडळी बसून लग्नाला निघालो की प्रत्येक खड्ड्यात खर्रर्र. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला लागायचा. काळ्या मातीचा चिखल भरला की मग तर विचारूच नका. दुकानदाराला फोन केला तर, "नवीन आहे ना भाऊ, घासून घासून जागा करते तो." पुतण्यालाही हे पटलं, त्यामुळे घरात माझंच डोकं फिरलंय असं ठरलं.

खरा प्रकार उघडा पाडला तो पुलगावच्या एका अलाइनमेंटवाल्या काकांनी. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं म्हणून गेलो होतो. त्यांनी चाक उतरवलं, आडवं टाकलं आणि आतल्या बाजूला बोट फिरवून म्हणाले, "हे पाहा." लंबगोल चौकटीत चार आकडे: ३७१८. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २०१८ च्या सदतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात, आणि दुकानात चारही टायर ती बाजू आत ठेवून बसवले होते. चारही आत, हा काही योगायोग नाही. त्यांनी फडक्याने पॉलिश पुसली तेव्हा भिंतीवर बारीक भेगा दिसल्या. नव्या टायरवर रबराचे केसासारखे कोंब असतात, ते एकावरही नव्हते. "हा जुन्या इनोव्हाचा साइज आहे भाऊ. टॅक्सीचे उतरवलेले दिसतात," ते म्हणाले.

थरथरीचं कारण वेगळंच निघालं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे रिमचं मधलं भोक ज्या गोल भागावर बसतं त्याचा, व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं, दोन-चार कंपन्यांच्या गाड्यांना चालावं म्हणून. मधे एक कडी बसवायची असते, ती बसवलीच नव्हती. वर रिम सात इंच रुंद, म्हणून चाक बाहेर आलेलं आणि दारावर चिखलाचे फवारे. सात इंचाच्या रिमवर १८५/६५ बसवायचा नसतो, त्याला जास्तीत जास्त साडेसहा चालते. म्हणजे टायर बदलून भागणार नव्हतं, रिमही गेल्या कामातून. आणि डिक्कीतली स्टेपनी कंपनीचीच, १४ इंची. पंक्चर झालं असतं तर एका बाजूला ६२० आणि दुसऱ्या बाजूला ६४७ चं चाक लावून घरी यायचं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तसल्या उन्हात, समृद्धीच्या काँक्रीटवर १२० च्या मर्यादेला, भेगाळलेल्या टायरवर मी घरच्यांना घेऊन नागपूरला जाऊन आलो होतो. पैशापेक्षा याचाच राग जास्त आहे.

कोणी टायर बदलणार असेल तर चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा साइज आणि हवेचा आकडा फोनमध्ये घेऊन जा. वरचा हिशेब दुकानातच करा आणि एकूण उंचीत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर साइज नको म्हणा. साइजच्या पुढे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा असतो, तो मूळ टायरपेक्षा कमी नको. टायर रिमवर चढायच्या आधी दोन्ही बाजू पाहा, चार आकड्यांचा फोटो काढा. बिलावर कंपनी, साइज आणि जमलं तर ते चार आकडेही लिहून घ्या. जुना सेट, काहीही झालं तरी, लगेच देऊन टाकू नका. माझा त्याने आठवड्याच्या आत विकला होता.

फोटो आणि त्याचाच व्हॉट्सअ‍ॅप दाखवल्यावर मालकाने आधी "पोरानं चुकून बसवले" म्हटलं, मग १२ हजार देऊन टायर परत घेतले. रिम घ्यायला नाही म्हणाला. मी जुन्या बाजारातून १४ इंची लोखंडी रिम आणून १६५/८० टाकले, घासणं त्या दिवशीच थांबलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने काही हललं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. चिठ्ठीवर साइज नाही, तरी तो व्हॉट्सअ‍ॅप आणि ३७१८ चा फोटो लावलाय. पहिल्या तारखेला दुकानदाराच्या वकिलाने उत्तरासाठी मुदत मागून घेतली.