स्मार्टफोनऐवजी बटणांचा साधा ४जी फोन: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

बटणांचा साधा ४जी फोन हा पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या माणसाचा रोजचा एकमेव फोन होऊ शकतो, असे वर्षभराच्या वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे. मात्र तो घेण्याआधी काही गोष्टींची व्यवस्था लावून ठेवावी लागते. ती लावली नाही, तर पहिल्या आठवड्यातच माणूस कंटाळून जुन्या फोनकडे परततो आणि दोष मात्र बिचाऱ्या साध्या फोनला देतो. हे परीक्षण एका कंपनीच्या एका फोनचे नाही. हजार ते अडीच हजार रुपयांत मिळणारे हे फोन गुणांनी आणि मर्यादांनी एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की, एकाविषयी लिहिलेले बहुतेक सर्वांना लागू पडते. माझ्याकडचा फोन दोन सिमकार्डांचा, काढता येणाऱ्या बॅटरीचा आणि कॅमेरा नसलेला आहे. त्यात विजेरी, एफएम रेडिओ आणि मेमरी कार्डाची खाच आहे.

खरेदीच्या वेळी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न २जी की ४जी हा असतो, आणि दुकानाच्या काउंटरवर नेमका तोच विचारला जात नाही. मे २०२३ मध्ये भारतात एकाच वेळी आलेल्या दोन फोनांचे उदाहरण घेऊ. नोकिया १०५ हा २जी फोन १,२९९ रुपयांना आला आणि नोकिया १०६ ४जी हा २,१९९ रुपयांना. पहिल्याची बॅटरी १,००० एमएएच, तर दुसऱ्याची १,४५०. नऊशे रुपये वाचवावेत असे कोणालाही वाटेल. परंतु जिओकडे २जीचे जाळेच नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेली ही सेवा पहिल्या दिवसापासून ४जीवर चालते. म्हणजे घरात जिओचे सिम असेल, तर २जी फोन निरुपयोगी ठरतो. याच्या उलट, जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओ भारत हा फोन ४जी असला तरी त्यात केवळ जिओचेच सिम चालते. त्यामुळे आधी फोन आणि मग सिम असा क्रम न ठेवता, हातात असलेल्या सिमवरून फोन ठरवावा.

४जीचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, ते आवाजाचे. जुन्या २जी जाळ्यावर साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे पोहोचतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या घर्षक वर्णांची ओळख पटवणारा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असतो, म्हणून आडनाव किंवा गावाचे नाव पुन्हा पुन्हा विचारावे लागते. व्होएलटीईवरील, म्हणजे ४जी जाळ्यावरूनच होणाऱ्या संभाषणातील, एचडी व्हॉइसमध्ये हा पट्टा सुमारे ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत रुंदावतो. दोन्ही बाजूंना ही सोय असेल, तर दोन हजारांच्या फोनवरचे संभाषण महागड्या स्मार्टफोनइतकेच स्वच्छ ऐकू येते. माझ्या आईला कमी ऐकू येते. फोन बदलल्यापासून तिच्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी हा फोन पुन्हा घेईन. बॅटरीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही: चार्जर कुठे ठेवला आहे हे विसरायला होते, इतकी ती टिकते.

आता मराठीकडे येतो. मुद्रितशोधनाचे काम करत असल्यामुळे या बाबतीत माझे डोळे जरा अधिक चिकित्सक आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांमधील मजकूर वाचता आला पाहिजे. लिहिण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेपुरती बंधनकारक आहे. ती आणखी एक भाषा मराठीच असेल, अशी खात्री नसते. म्हणून दुकानात फोन हाती घेतला की संदेश लिहिण्याचा पडदा उघडावा, भाषांच्या यादीत मराठी आहे का ते पाहावे आणि ‘बाळ’, ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’ असे शब्द प्रत्यक्ष लिहून पाहावेत. हिंदीच्या व्यवस्थेवर काम भागवायचे ठरवले, तर ‘ळ’ कोणत्या बटणाखाली आहे याचा शोध घ्यावा लागतो, आणि ‘ऱ्या’मधला र नीट उमटतो की नाही हेही तपासावे लागते. १.८ इंचाच्या पडद्यावर जोडाक्षरे कशी दिसतात, हा पुढचा प्रश्न. उभी जोडणी असलेली अक्षरे या आकारात एकमेकांत मिसळतात. आडवी जोडणी आणि हलन्त अक्षरे त्यामानाने वाचनीय राहतात.

लिहिण्याची गती कमी होते, हे खरे आहे. एका बटणाखाली पाच-सहा वर्ण असतात आणि हवा तो येईपर्यंत ते दाबत राहावे लागते. पण त्याहून मोठी अडचण संदेशाच्या लांबीची आहे आणि ती फोनची नसून एसएमएस या व्यवस्थेची आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. त्यात रोमन लिपीतील १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीसाठी युनिकोड ही सर्व लिप्यांची संकेतप्रणाली वापरावी लागत असल्याने केवळ ७०. शिवाय ही ७० म्हणजे आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत. काना, वेलांटी, हलन्त हे सारे स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘शास्त्रीय’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा, पण फोनच्या लेखी नऊ चिन्हांचा. दोन बऱ्यापैकी लांब वाक्ये लिहिली की एका संदेशाचे दोन होतात, आणि जोडसंदेशात प्रत्येक भागाला ७० ऐवजी ६७ चिन्हेच मिळतात. मराठी माणसाने आपल्या लिपीत लिहिण्यासाठी दुपटीहून अधिक संदेश खर्च करावेत, ही स्थिती मला मनापासून अन्यायाची वाटते. तरीही मी रोमन लिपीत मराठी लिहिण्याकडे वळलो नाही. संदेश आटोपशीर लिहितो, आणि जे आटोपशीर लिहिता येत नाही त्यासाठी सरळ फोन करतो.

पैशांच्या व्यवहाराची धास्ती सर्वांत मोठी असते आणि ती प्रत्यक्षात सर्वांत लवकर मिटते. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनांसाठी यूपीआय १२३पे ही सेवा सुरू केली. ठरावीक क्रमांकावर फोन करून, सूचना ऐकत बटणे दाबून, शेवटी पिन देऊन पैसे पाठवता येतात. इंटरनेट लागत नाही. व्यवहाराची मर्यादा आधी पाच हजार रुपये होती, ती १ जानेवारी २०२५ पासून दहा हजार झाली आहे. याखेरीज *९९# डायल करून चालणारी जुनी सेवाही आहे. नोंदणी करताना बँकेशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि डेबिट कार्ड जवळ असावे, कारण पिन ठरवताना कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत विचारली जाते. घरमालकाला भाडे, भावाला उसने परत, असे व्यवहार मी याच मार्गाने करतो. भाजीवाल्या मावशींच्या गाडीपाशी मात्र हा मार्ग उपयोगाचा नाही. कॅमेऱ्याविना क्यूआर कोड वाचता येत नाही, आणि मागे चार माणसे उभी असताना फोनवरच्या सूचना ऐकत बसणे बरे दिसत नाही. तिथे रोख रक्कम. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी खिशात बाळगण्याची सवय पुन्हा लावून घेतली की हा प्रश्न उरत नाही. बँकेचे ओटीपी एसएमएसने येतात, ते या फोनवरही येतातच. बाकीची कामे संगणकावर नेट बँकिंगने होतात.

प्रवासासाठी कार्डे आहेत. पुणे मेट्रोसाठी ‘एक पुणे’ कार्ड, मुंबईच्या लोकलसाठी स्थानकावरील एटीव्हीएम या स्वयंचलित तिकीट यंत्रावर चालणारे स्मार्ट कार्ड, एसटीत वाहकाकडून तिकीट. अनोळखी भागात पत्ता शोधताना नकाशाची उणीव जाणवते. निघण्याआधी संगणकावर रस्ता पाहून कागदावर टिपून घेतो आणि उरलेले रिक्षाचालकांना विचारतो.

खरी गाठ आहे ती व्हॉट्सअॅपची. शाळेचा गट, सोसायटीचा गट, नातेवाइकांचा गट, कामाच्या ठिकाणचे गट; आपल्याकडे निरोप देण्याची सारी व्यवस्थाच एका अॅपवर उभी राहिली आहे. ‘यात व्हॉट्सअॅप चालते’ असे सांगून अजूनही काही जुने साधे फोन विकले जातात, त्यापासून सावध राहावे. कायओएस या प्रणालीवरील जिओफोनला २०१८ मध्ये व्हॉट्सअॅप मिळाले होते हे खरे, पण त्या प्रणालीसाठीची ही सेवा २०२५ च्या सुरुवातीला थांबली. दुसरा मार्ग अनेक जण सुचवतात: सिम साध्या फोनमध्ये ठेवावे, जुना स्मार्टफोन घरी वाय-फायवर राहू द्यावा आणि संगणकाला जोडून व्हॉट्सअॅप वापरावे. यात मूळ फोन चौदा दिवसांत एकदाही उघडला नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप बाहेर पडतात, एवढे पथ्य होते. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने असा आदेश काढला की, अशा अॅपसाठी नोंदवलेले सिम त्याच उपकरणात असले पाहिजे आणि संगणकावरील जोडणी दर सहा तासांनी तुटली पाहिजे. फसवणुकीला आळा घालण्याचा त्यामागचा हेतू योग्य असला, तरी साधा फोन वापरू इच्छिणाऱ्याची ही सोपी वाट त्यामुळे बंद होते. नव्याने हा बदल करू पाहणाऱ्याला माझा सल्ला असा की, व्हॉट्सअॅप टाळणे शक्यच नसेल तर त्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा आणि त्या सिमसह एक उपकरण घरातच, कुटुंबाच्या सामाईक जागी ठेवावे. आमच्याकडे सिमची सोय असलेला टॅब्लेट जेवणाच्या खोलीत असतो. संध्याकाळी तो पाहिला जातो आणि पुन्हा जागेवर जातो.

या व्यवस्थेचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. सोसायटीच्या सचिवांना मी सांगितले की तातडीचे काही असेल तर फोन करावा, गटातला निरोप मला लगेच दिसणार नाही. तेव्हा त्यांनी पाणीकपातीच्या सूचना जिन्यापाशी फलकावरही लावायला सुरुवात केली. आमच्या इमारतीत एकटे राहणारे तीन-चार ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांनाही आता या सूचना वेळेवर कळतात. स्मार्टफोन नसलेल्या माणसाला निरोप पोहोचवणे ही इतरांची जबाबदारी आहे, हे कोणीतरी नम्रपणे सांगितल्यावाचून कोणाच्या लक्षात येत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घराघरांत मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहतात. त्या प्रयोगाचे मला फार कौतुक आहे, कारण तिथे सगळे गाव एकत्र थांबते. शहरातल्या सदनिकेत तसा भोंगा वाजणार नाही. इथे निर्णय एकेकट्याला घ्यावा लागतो, आणि साध्या फोनचे बळ असे की तो एकदाच घ्यावा लागतो. स्मार्टफोनवर अॅप काढून टाकणे, वेळमर्यादा लावणे, पडदा काळा-पांढरा करणे हे सर्व मी करून पाहिले होते. त्यात दर तासाला स्वतःशी नव्याने झगडावे लागे. आता मुद्रिते तपासताना एका फर्म्यावरून, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावरून, दुसऱ्यावर जाईपर्यंत हात फोनकडे वळत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही नसते. कामातल्या चुका निसटण्याचे प्रमाण घटल्याचे मला जाणवते आहे आणि त्याचा आनंद मोठा आहे.

हा फोन सर्वांना सुचवणार नाही. ज्यांची उपजीविकाच अॅपवर चालते, म्हणजे घरपोच सेवा देणारे, टॅक्सीचालक किंवा हजेरी आणि अहवाल मोबाइलवरूनच पाठवावे लागणारे कर्मचारी, त्यांना हा पर्याय आज उपलब्धच नाही. एकट्याने रात्रीचा प्रवास करणाऱ्यांनी ठिकाण कळवण्याच्या सोयीचा विचार करून निर्णय घ्यावा. २०१६ च्या नियमांनुसार साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यास आपत्कालीन मदतीसाठी फोन लागण्याची तरतूद आहे. ती आपल्या फोनमध्ये कोणत्या बटणावर आहे, हे घरी आल्यावर माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

राहता राहिला महिन्याचा खर्च. इंटरनेट वापरायचेच नसेल, तर त्याचे पैसे का भरावेत, हा प्रश्न पूर्वी निरुत्तर करणारा होता. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियमांत दुरुस्ती करून केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे स्वतंत्र रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. वर्षाचा रिचार्ज एकदा केला की पुन्हा पाहावे लागत नाही. दुकानात गेल्यावर तो ‘डेटाशिवायचा’ असा स्पष्ट शब्दांत मागावा, आणि त्यात एसएमएस किती आहेत तेही विचारून घ्यावे, कारण देवनागरीत लिहिणाऱ्याला ते लवकर कमी पडतात.