स्पेस सेंटर ह्यूस्टन: न उडालेला अग्निबाण आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली

ह्यूस्टनमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिने राहायला आलेल्या आईवडिलांना एक दिवस ‘नासा’ दाखवायला नेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. मीही तसाच स्पेस सेंटर ह्यूस्टनला गेलो आणि महिन्याभरात स्वतःच्या हट्टाने दुसऱ्यांदा गेलो, कारण पहिल्या खेपेला पाहण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्टच राहून गेली होती. तिकिटे एका मध्यस्थ संकेतस्थळावरून काढली होती. त्यावर ‘सर्व समाविष्ट’ असे ठळक लिहिले होते, पण चांद्रमोहिमा जेथून हाताळल्या गेल्या त्या ऐतिहासिक नियंत्रण कक्षाच्या फेरीसाठी वेळ ठरवून वेगळे तिकीट घ्यावे लागते, याचा तेथे उल्लेख नव्हता. म्हणून मुख्य सल्ला आधीच देऊन टाकतो: केंद्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावे, त्या फेरीची वेळ प्रथम निश्चित करावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा.

हे केंद्र म्हणजे नासाचे कार्यालय नव्हे. ते १९९२ मध्ये सुरू झालेले प्रदर्शन आहे आणि एक ना-नफा संस्था ते चालवते. शेजारीच जॉन्सन स्पेस सेंटर आहे, जेथे आजही प्रत्यक्ष काम चालते, आणि प्रेक्षकांना तेथे उघड्या ट्रामगाडीतून नेले जाते. वाटेत लांब शिंगांच्या टेक्सासी गाई चरताना दिसतात. चंद्राकडे निघालेल्या माणसाला आधी गोठा लागावा, याची मला मोठी गंमत वाटली. प्रवेशद्वाराजवळ बोइंग विमानाच्या पाठीवर बसवलेली स्पेस शटल या अंतराळयानाची प्रतिकृती आहे. ती भव्य आहे आणि मुलांना आवडते, पण चांद्रमोहिमांचा इतिहास समजून घ्यायला आलेल्याने तेथे अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये.

ट्रामने जाऊन पाहायचा तो सॅटर्न ५. अपोलो या अमेरिकी चांद्रमोहिमांतील अंतराळवीरांना चंद्राकडे नेणारा हा अग्निबाण सुमारे ११० मीटर लांब आहे आणि एका लांबच लांब इमारतीत तो आडवा ठेवला आहे. आडवा असल्यामुळे त्याची उंची जाणवत नाही, अशी तक्रार माझ्या जावयाने केली. मला मात्र हीच मांडणी अधिक उपयोगी वाटली, कारण उभ्या अग्निबाणाकडे माणूस फक्त मान वर करून पाहत राहतो, तर आडव्याच्या कडेने चालताना कोणता भाग कशासाठी होता हे पावलापावलाला उलगडत जाते. शेपटाकडून सुरुवात करावी. तेथे पाच एफ-१ इंजिने आहेत. एकेका इंजिनाच्या तोंडाचा व्यास साडेतीन मीटरहून अधिक आहे आणि आपल्याकडची मोटारगाडी त्यात सहज मावेल. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणारा हा पहिला टप्पा अवघी अडीच मिनिटे चालायचा आणि समुद्रात पडायचा. पुढचे दोन्ही टप्पे द्रवरूप हायड्रोजनवर चालणारे. चालत चालत टोकाशी पोहोचलो की तीन माणसे बसण्याचा शंकूसारखा भाग येतो, आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्यातून परत येत असे तो तेवढाच भाग.

या अग्निबाणाची खरी गोष्ट अशी, की तो प्रतिकृती नाही. त्याचे तिन्ही टप्पे उड्डाणासाठीच बांधले होते, पण ते तीन वेगवेगळ्या अग्निबाणांचे आहेत. पहिला टप्पा ५१४ क्रमांकाच्या अग्निबाणाचा, दुसरा ५१५ चा आणि तिसरा ५१३ चा. नासाने १९७० च्या जानेवारीत अपोलो २० रद्द केली, सप्टेंबरात आणखी दोन मोहिमा रद्द केल्या, आणि तयार झालेले अवजड सामान जागच्या जागी राहिले. ५१३ चे खालचे दोन टप्पे मात्र वाया गेले नाहीत. १९७३ च्या मे महिन्यात त्यांनी स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा वर नेली. तिसऱ्या टप्प्याच्या जागी स्वतः स्कायलॅबच बसली होती, म्हणून तो उरला आणि येथे आला. १९७७ पासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ हा सगळा अग्निबाण ह्यूस्टनच्या दमट हवेत उघड्यावर पडून होता. नंतर त्याची डागडुजी झाली आणि डोक्यावर छप्पर आले. बाकीचे अग्निबाण उडाले म्हणून आज दिसत नाहीत, आणि हा उडाला नाही म्हणून पाहायला मिळतो. नातीने तेथे विचारले, “आजोबा, मग हा नापास झाला का?” मला उत्तर चटकन सुचले नाही. परीक्षाच रद्द झाली होती, असे मी नंतर ट्राममध्ये तिला सांगितले.

प्रदर्शनाच्या मुख्य इमारतीत अपोलो १७ चा असाच शंकू, म्हणजे त्या मोहिमेचे ‘अमेरिका’ नावाचे यान, खराखुरा ठेवलेला आहे. युजीन सर्नन, रोनाल्ड इव्हान्स आणि भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट ७ डिसेंबर १९७२ रोजी निघाले आणि १९ तारखेला याच यानातून प्रशांत महासागरात उतरले. अपोलो मालिकेतील ही शेवटची चांद्रमोहीम. यानाच्या बाहेरच्या भागावर वातावरणात शिरतानाच्या जळण्याच्या तपकिरी खुणा आहेत, आणि त्याला वळसा घालताना एका बाजूने त्या अधिक गडद दिसतात. जवळच चंद्रावरच्या खडकाचा एक तुकडा बोटाने स्पर्श करण्यासाठी ठेवला आहे. असंख्य बोटे फिरून तो देवळाच्या उंबरठ्यासारखा गुळगुळीत झाला आहे. रांग लवकर पुढे सरकते, त्यामुळे तो चुकवू नये.

आता तिसऱ्या मजल्यावरची खोली. जॉन्सन स्पेस सेंटरच्या इमारत क्रमांक ३० मधील हा नियंत्रण कक्ष १९९२ पर्यंत वापरात होता. अपोलो ११ आणि अपोलो १३ या दोन्ही मोहिमा येथूनच हाताळल्या गेल्या. २०१९ मध्ये, अपोलो ११ च्या चंद्रावरील पहिल्या अवतरणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, सुमारे ५० लाख डॉलर खर्चून तो जसा होता तसा केला गेला. त्यातले ३५ लाख शेजारच्या वेबस्टर शहराने दिले. येथे ‘जसा होता तसा’ हे शब्द नेहमीसारखे सैलपणे वापरलेले नाहीत. आग विझवण्याच्या नळकांड्यामागे जुन्या भिंतीच्या कागदाचा तुकडा शाबूत सापडला आणि त्यावरून नवा कागद छापून घेतला गेला. हिरवट रंगाच्या मेजांवर राखदाण्या आहेत, कॉफीचे कप आहेत, जाडजूड फायली उघड्या आहेत, आणि माणसे आत्ताच जेवायला उठून गेली असावीत असे वाटते.

प्रेक्षकांना काचेमागच्या गॅलरीत बसवतात, जेथे त्या काळी पाहुणे बसत असत. दिवे मंद होतात, मेजांवरचे पडदे उजळतात आणि अवतरणाच्या वेळचे मूळ ध्वनिमुद्रण सुरू होते. यान खाली उतरत असताना त्यातील संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. मोहीम थांबवायची की पुढे जायचे, हे काही सेकंदांत ठरवायचे होते. पहिल्या रांगेत बसलेल्या सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांनी पुढे जाण्यास संमती दिली, आणि त्यामागे दुसऱ्या खोलीतील संगणकतज्ज्ञ जॅक गारमन यांचा आधार होता. मोहिमेच्या थोडेच दिवस आधी सरावात असाच इशारा आला होता, तेव्हा उड्डाण संचालक जीन क्रँझ यांच्या सांगण्यावरून गारमन यांनी सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून ठेवली होती. आमच्या पिढीने अभ्यास करताना मेजाच्या काचेखाली सूत्रे ठेवली, तशीच ती यादी त्यांच्या काचेखाली होती. चंद्रावर माणूस उतरला तो एवढ्या बळकट अग्निबाणामुळे, आणि या हस्तलिखित कागदामुळेही. कार्यक्रमाच्या या भागात मी पडद्याकडे फार पाहिले नाही, पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडेच पाहत होतो.

यान उतरले तेव्हा ह्यूस्टनमध्ये १९६९ च्या २० जुलैची दुपार होती आणि आपल्याकडे २१ तारखेची पहाट उजाडायची होती. घड्याळात १ वाजून ४७ मिनिटे झाली होती. त्या सकाळी सांगलीच्या आमच्या घरी आकाशवाणीवर बातमी ऐकल्याचे मला आठवते. पण घरात चर्चा दुसरीच चालू होती, कारण दोनच दिवसांपूर्वी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि वडिलांची बँक त्या चौदांपैकी एक होती. चंद्रापेक्षा त्यांना बदलीची चिंता अधिक होती.

कार्यक्रम अपोलो ११ वर संपतो. अपोलो १३ साठी हीच खोली अधिक झटली होती, असे माझे मत आहे. वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर अंतराळवीरांना चांद्रयानाचा आसरा घ्यावा लागला, तेव्हा मुख्य यानातील कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे चांद्रयानाच्या गोल जागेत कसे बसवायचे, याची युक्ती जमिनीवरच्या माणसांनी उपलब्ध सामानातून काढली आणि ती आवाजावरून वर समजावून सांगितली. जाण्याआधी घरी एवढे वाचून गेलेल्याला ती मेजे वेगळी दिसतील.

व्यवहाराच्या काही गोष्टी. कक्षापर्यंत जिने चढून जावे लागते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट काढतानाच चौकशी करावी. आठ-नऊ वर्षांखालील मुले गॅलरीत कंटाळतात, म्हणून त्यांना आधी सॅटर्नजवळ भरपूर पळू द्यावे. ऑगस्टात सकाळी पहिली ट्राम धरणे उत्तम, आणि पाण्याची बाटली जवळ हवी. आमची नात गॅलरीत झोपी गेली. उतरताना तिने एवढेच विचारले, की त्या राखदाण्या कोणी साफ करत नाही का.